नवी शिडं

थॅक्स्टर मालकांनी स्वतःच्या हाताने पडदा ओढला आणि दिवाणखान्यात जमलेल्या विधवा गप्प झाल्या.

चित्रात ग्लॉस्टरचं बंदर गजबजलं होतं. डोलकाठ्या, होड्या, धक्क्यावर माणसं. मधोमध 'ऑगस्टा', फेब्रुवारीच्या वादळात सगळ्या खलाशांसकट बुडालेलं मालकांचं गलबत. धक्का धुतल्यासारखा, कुठे एक मासा नाही, आतड्यांचा ढीग नाही. 'ऑगस्टा'ची शिडं दुधासारखी पांढरी.

"तुमची माणसं आता इथे कायमची राहतील," मालक म्हणाले.

मालकीणबाईंनी केक फिरवला. दुसऱ्या हातातला अत्तराचा रुमाल नाकावरून हलला नाही. बायका मासे चिरता चिरता उठून आल्या होत्या.

त्यांच्यातल्या हल्डाने केकचा घास तोंडात घातला तो तसाच गालात राहिला.

"ही शिडं कुठली गं?" शेजारची रूथ कुजबुजली. "गावभर 'ऑगस्टा'ला ठिगळांची गोधडी म्हणायचे. तुझ्या जोएलने किती विनवण्या केल्या नव्या शिडांसाठी."

"मग सांग ना मालकांना."

"मी? माझी दोन्ही पोरं अजून त्यांच्याच गलबतावर आहेत बाई."

मालक दाराशी उभ्या असलेल्या आसाकडे वळले. हल्डाचा एकुलता एक मुलगा, टोपी अदबीने हातात धरून उभा होता. "काय पोरा, सोमवारी निघतोस ना? 'हॅरिएट' तयार आहे. बापाची जागा तुलाच ठेवलीय."

आसाने आईकडे पाहिलं.

हल्डा उठली आणि तिने खिडकी उघडली. खाली धक्क्याला 'हॅरिएट' शिडं वाळवत उभी होती. मळकट, ठिगळावर ठिगळ.

"अहो, लावा ती खिडकी! घाण येते," मालकीणबाई ओरडल्या.

हल्डाने खिडकी तशीच ठेवली. चित्राशेजारी चित्रकार उभा होता. त्याला तिने विचारलं, "नवी शिडं चढवायला किती वेळ लागला हो?"

चित्रकार खुलला. "शिडं? एक दुपार. एकही ठिगळ दिसता कामा नये, असं मालकांनी बजावलं होतं."

"एक दुपार," हल्डा म्हणाली. मालकांकडे बघत.

मालकांनी खाकरून घसा साफ केला.

गालातला केक तिने बशीत थुंकला आणि बशी मालकीणबाईंच्या हातात दिली.

"आसा, टोपी घाल."