मार्शल नील

रत्नाबाई गेल्याचं कळलं त्या सकाळी वेलीला पहिलं फूल आलं होतं, आणि ते पिवळं होतं.

बायको गेल्याचं अजून न कळलेला विठोजी ते बघून एकटाच हसला. अठ्ठावन्न सालच्या फुलांच्या प्रदर्शनाहून येताना रत्नाबाईने लालबागेतून वेलगुलाबाचं कलम आणलं होतं. माळ्याने जातीचं नाव सांगितलं, मार्शल नील. तिने त्यातलं नील तेवढं उचललं. आपल्या गुलाबाला निळी फुलं येणार, धोतराला नीळ घालतो तशी, असं तिने चामराजपेटच्या त्या गल्लीत घरोघरी सांगून ठेवलं. विठोजी शिंपी होता. त्याला कापडाच्या रंगातलं कळे, फुलांतलं नाही. त्यानेही ते खरं मानलं. दोन वर्षं ती वेलीला तांदळाचं धुवण घालत होती आणि वाट बघत होती.

फूल खुडून त्याने सदऱ्याच्या खिशात ठेवलं. घे तुझं निळं, म्हणून हातात द्यायचं आणि तिचं तोंड बघायचं, असं ठरवून तो रोजच्यासारखा तिच्यासाठी कॉफीची किटली घेऊन दवाखान्यात गेला. खाट रिकामी होती. गादी गुंडाळून ठेवली होती. नर्सने जे सांगितलं ते त्याने पुन्हा एकदा विचारून घेतलं.

फूल खिशातच राहिलं. सदरा स्मशानात सोडला तेव्हा तेही गेलं. दुसऱ्या कुणी ते पाहिलं नाही.

दहाव्याला श्रीरंगपट्टणला कावेरीच्या काठी कावळा पिंडाला शिवेना. समोरच्या भिंतीवर बसून राहिला. ज्याला जे सुचलं ते तो बोलला. रत्नाबाईचा धाकटा भाऊ सयाजी म्हणाला, देवपूजा चुकणार नाही, दाजींना उपाशी ठेवणार नाही. कावळा हलला नाही. मग सगळे विठोजीकडे बघू लागले.

"दाजी, अक्काचं काही राहिलं होतं का?" सयाजीने विचारलं. "तुम्हीच बोला. बोललं की ती सुटते. नाहीतर घुटमळत राहते."

तिचं काय राहिलं होतं ते विठोजीला माहीत होतं. त्याने सयाजीचे शेवटचे शब्द नीट ऐकले आणि मान हलवली. काही नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

घरी परतल्यावर दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीला, तो परसातल्या दाराशी बसला होता.

"निळं फुललं का हो?"

आवाज वेलीखालून आला. तिचाच होता, आजाराआधीचा. वेलीखाली कुणी नव्हतं.

"अजून नाही," विठोजी म्हणाला.

"सरी," ती म्हणाली. बरं म्हणायचं तिथे ती नेहमी इथल्या कानडी बायकांसारखं सरी म्हणायची.

त्यानंतर ती रोज संध्याकाळी येऊ लागली. तेवढंच विचारायची, सरी म्हणायची, जायची. विठोजी दुकान लवकर बंद करून घरी येऊ लागला. वेलीला कळ्या धरल्या तेव्हा त्याने काजाची छोटी कात्री परसात आणून ठेवली. कळीवरचं हिरवं फाटून आतला रंग दिसायच्या आत तो ती कापायचा आणि न्हाणीच्या चुलीत टाकायचा. पाणी मात्र तो वेलीला भरपूर घालायचा. वेल न्हाणीच्या कौलांवर चढली, तिथून दारावर आली.

शेजारची गोजराबाई कुंपणापलीकडून बघत असे. एक दिवस ती म्हणाली की अक्का होती तेव्हा वेलीला काय तोरा होता, आता नुसता पाला. उपटा आणि पडवळ लावा, आमटीला तरी होईल.

विठोजी म्हणाला, निळं फूल यायचं आहे.

गोजराबाई हसली. "निळा गुलाब कुठे असतो का अण्णा?"

"हळू बोला," विठोजी म्हणाला, आणि त्याने वेलीकडे पाहिलं.

गोजराबाईचं हसू थांबलं. त्या दिवसापासून ती वाळत घातलेले कपडे ऊन असतानाच आत नेऊ लागली. तिन्हीसांजेला तिच्याकडचं मागचं दार बंद असे.

थंडी सरता सरता वेलीने जोर केला. विठोजी रोज कळ्या शोधून कापत होता. पण एक कळी थेट दाराच्या चौकटीवर धरली होती, आणि रोज त्याच दारातून बाहेर पडणाऱ्या विठोजीने वर कधी पाहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तो कंदील घेऊन बाहेर आला आणि थबकला. डोक्यावर फूल उमललं होतं. तळहाताएवढं, भरगच्च, हळदीसारखं पिवळं. या जातीच्या फुलाला आपला भार पेलत नाही, ते मान खाली घालतं. ते उंबऱ्याकडे तोंड करून लटकलं होतं. कात्री चुलीपाशी होती. तो वळला.

"निळं फुललं का हो?"

आज आवाज वेलीखालून आला नाही. उंबऱ्यावरून आला, बरोबर फुलाखालून.

विठोजीने कंदील खाली केला, उजेड वर जाऊ नये म्हणून. "अजून नाही," तो म्हणाला.

ती सरी म्हणाली नाही.

फुलाची एक पाकळी सुटली. हलके हलके खाली आली आणि मध्येच थांबली. रत्नाबाईचा अंबाडा जेवढ्या उंचीवर असायचा, तेवढ्या उंचीवर. वारा नव्हता. पाकळी तिथेच राहिली, आणि मग जरा कलली, कुणी मान वर करून बघावं तशी.

"मग वास कशाचा येतोय?" तिने विचारलं.

विठोजीच्या हातातल्या कंदिलाची काच काळी पडत चालली आहे. त्याने अजून उत्तर दिलेलं नाही.