सुनेत्रा डॉट कॉम

“कुणीतरी उचललं,” उल्हास म्हणाला आणि त्यानं माऊस टेबलावर आपटला.

स्क्रीनवर ‘सुनेत्रा डॉट कॉम’च्या पुढे ‘उपलब्ध नाही’ असं आलं होतं. गेल्या आठवड्यात हेच नाव मोकळं होतं. तेव्हाच नोंदवायचं सोडून उल्हास गुरुपुष्याची वाट बघत बसला. आज गुरुपुष्य आला होता आणि नाव गेलं होतं.

सुनेत्रा, त्याची बायको, स्वयंपाकघरात खोबरं भाजत होती. गॅस बारीक करून ती दारात आली.

“दुसरं नाव घे की.”

“दुसरं कुठलं? चव, रुची, स्वाद, घास, सगळी गेलीत. लोकांनी भंगारवाल्यासारखी नावं गोळा करून ठेवलीत. आणि गिऱ्हाईक मागतं काय? सुनेत्राचा गोडा मसाला. कँटोन्मेंटातल्या बायका, पहाडगंजच्या मराठी शाळेतल्या बाई, इथली नोएडातली झाडून सगळी मंडळी. चालतंय ते हे नाव. मला हेच पाहिजे यार.”

ते साल दोन हजार होतं आणि दिल्लीत ज्याला त्याला डॉटकॉम झालं होतं. उल्हासनं त्यापायी चांगली नोकरी सोडली होती. त्याचा मित्र अविनाश रविवारी एका गुंतवणूकदाराला घरी आणणार होता. त्या माणसाचं म्हणणं एकच होतं, आधी वेबसाइटचं नाव हातात हवं. नाव नसेल तर तो नुसता चहा पिऊन जाणार, हे अविनाशनं बजावून सांगितलं होतं.

टेबलावर नव्या व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा होता. सुनेत्रानं त्यातलं एक उचललं.

“संस्थापक, उल्हास साठे,” तिनं वाचलं. “आणि मी?”

“अगं, वर एवढ्या मोठ्या अक्षरांत तूच आहेस की.”

“अच्छा.”

“आणि पैसा आला की फॅक्टरी टाकू. माणसं ठेवू. मग तुला हात भाजून घ्यायला नकोत. बिल्कुल आराम.”

ती कार्ड गठ्ठ्यावर ठेवून खोबरं हलवायला गेली.

नाव कुणी घेतलं ते शोधायला फार वेळ लागला नाही. मालक होती लतिका एंटरप्रायझेस, गाझियाबाद. खाली पत्ता आणि ईमेल होता. उल्हासनं तिथल्या तिथं एक खरमरीत मेल ठोकला. नाव सोडा, नाहीतर कोर्टात खेचतो. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, तेही चक्क मराठीत.

‘नाव माझं आहे. त्याची पुरेपूर किंमत मी कधीच मोजली आहे. सोडणार नाही. लतिका.’

“मराठी निघाली,” उल्हास तडकला. “आपलीच माणसं आपले पाय ओढणार. खेकडे आहेत नुसते. आणि किंमत कसली मोजली म्हणे? नोंदणीची फी ती केवढी, तिचा तोरा केवढा.”

“असेलही तिचं,” सुनेत्रा म्हणाली.

“तिचं कसं असेल? तू कुणाच्या बाजूनं बोलतेयस?”

“मी मसाला दळायला चाललेय. येताना काही आणायचंय?”

उल्हासचं लक्ष नव्हतं. तो दुसरा मेल लिहीत होता. भाजलेल्या मसाल्याच्या पिशव्या उचलून ती रोजच्यासारखी बाहेर पडली.

या मेलमध्ये त्यानं काही शिल्लक ठेवलं नाही. दुसऱ्याच्या कष्टांवर जगणारी, आयत्या बिळावर नागोबा, चोर, सगळं लिहिलं. मराठी बाई म्हणवून घ्यायची लाज वाटायला हवी, असंही लिहिलं. रात्री उत्तर आलं.

‘तुमचा राग समजतो. मलाही येतो. मी तो बरीच वर्षं गिळला.’

उल्हासला झोप लागली नाही. असली थंड बाई त्यानं उभ्या जन्मात पाहिली नव्हती. एखादीनं भांडावं, ओरडावं, निदान बोली लावावी. ही नुसती नाव धरून बसली होती. रविवार उद्यावर आला तेव्हा त्याचा धीर सुटला. सुनेत्रा दळायला गेल्यावर त्यानं मारुती काढली आणि वाटेतल्या प्रत्येक ट्रॅक्टरला शिव्या घालत गाझियाबाद गाठलं.

पत्त्यावर एक बैठं घर होतं. दारावर ‘विजयालक्ष्मी कम्प्यूटर क्लासेस’ अशी पाटी होती. आत मागच्या खोलीत कसलीतरी घरघर चालली होती. त्यानं बेल दाबली ती दार उघडेपर्यंत सोडली नाही. केसांत मोगरा माळलेल्या एका उंच बाईंनी दार उघडलं.

“लतिका कौन है?” उल्हासनं विचारलं.

“आप कौन?”

“मैं वो हूँ जिसका नाम उसने चुराया है.”

“नाम तो सुनेत्रा है,” बाई शांतपणे म्हणाल्या. “वो आपका कैसे हुआ?”

“मेरा ही है. मैंने दिया है.” उल्हासचा आवाज चढला. “शादी में, थाली में चावल फैलाकर, अंगूठी से, अपने हाथ से लिखा था. हम लोगों में दुल्हन का नया नाम पति रखता है. कितना सोचकर रखा था. मेरी बीवी से पूछ लीजिए.”

बाईंनी मान हलवली.

“और उससे पहले उनका नाम क्या था?”

उल्हास अडखळला.

“मायके में सब बेबी कहते थे. स्कूल में कुछ और था. अब इतने साल बाद किसे याद रहता है?”

बाईंनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. मग मागच्या खोलीकडे तोंड करून त्यांनी हाक मारली.

“लतिका, तुम्हारे मिस्टर आए हैं.”