उंबऱ्याखालची तलवार

तलवार म्यानासकट मधोमध दुमडलेली होती. आता तलवार म्हणजे काय चादर आहे घडी घालायला? नासपतीच्या बागेत, दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका घराच्या उंबऱ्याखाली ती निघाली होती. उत्खनन करणारी मार्लूस खड्ड्यात पालथी पडून ब्रशने माती काढत होती.

"रोमन सैन्यातली ना ही? मग शेतकऱ्याच्या दारात काय करतेय?" बागेची मालकीण विल्मा थर्मास घेऊन काठावर उभी होती. "चोरली असेल."

"चोरली असती तर वापरली नसती का, विल्माकाकू? ही मुद्दाम मोडून पुरलीय. इथली पोरं रोमन सैन्यात भरती व्हायची, पंचवीस वर्षांनी सुटायची. आला असेल कुणी घरी, आणि वाहिली असेल देवाला."

"तुमचं बरंय! काही कळलं नाही की खपवायचं देवाच्या नावावर."

मार्लूस खळखळून हसली. विल्मा नाही हसली. "आणि तो आलाच नसेल तर? नुसती तलवारच आली असेल तर?"

"तसंही असेल."

विल्माने शेडकडे पाहिलं. तिचा योरिस लष्करातून परत आला होता, हातीपायी धड. पण जेवायलासुद्धा घरात येत नव्हता. शेडमध्ये फळांचे क्रेट दुरुस्त करत बसायचा. लष्कराची बॅग कोपऱ्यात तशीच बंद. या पोराला घरात कसं आणावं हे तिला कळेना, म्हणून ती रोज खड्ड्याशी येऊन दुसऱ्याच्या पोराची चौकशी करायची.

आज योरिस स्वतःच आला. काठावर उकिडवा बसून तलवारीकडे बघत राहिला.

"कुणी वाकवली? त्यानेच?"

मार्लूसने भिंग लावलं. "म्यानाच्या पितळेवर बघ. या टोकाला चिमट्याच्या खुणा, त्या टोकालाही. दोघांनी दोन बाजूंनी धरलंय. एकट्याचं काम नाही हे."

"दुसरं कोण?"

"ते माती नाही सांगत. पण उंबरा घरचा आहे. घरातलंच कुणीतरी असणार."

समोरच्या घरावर झेंडा लागला होता आणि काठीला शाळेचं दप्तर टांगलं होतं. पोर शाळेची शेवटची परीक्षा पास झालं की इथे असंच करतात. संपलं एकदाचं, हे गल्लीला दिसायला नको? योरिस ते बघत थांबला.

"माझंही टांगलं होतंस ना गं, आई?"

"टांगलं होतं तर! आत केळं राहिलेलं. आठवडाभर माश्या घोंघावत होत्या मेल्या."

योरिसच्या ओठांवर काहीतरी हललं. तो शेडमध्ये निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्लूस सायकलवरून आली, तर विल्माच्या दारात झेंडा लागलेला. योरिस दोरीने लष्कराची बॅग काठीवर चढवत होता. बॅग जड होती, अर्ध्यावर येऊन अडकली.

त्याने दोरी सोडली नाही. घराकडे तोंड करून हाक मारली, "आई, जरा हात लाव गं."