गळती बंद

सलाईन लावून आजोबा टुणटुणीत झाले. सलाईनमुळे झाले, असं मात्र समजू नका. आजी गेल्यापासून ते कुणाशी धड बोलत नव्हते, म्हणून नातीने त्यांना ताकदीचं सलाईन लावणाऱ्या दवाखान्यात नेलं. पण आजोबा हाडाचे प्लंबर. थेंब टपकताना दिसताच दुसऱ्या हाताने नळीवरचं चाक आवळून मोकळे झाले. “माझंही गळतंय, बघता का?” शेजारच्या खुर्चीतल्या बाई म्हणाल्या. आजोबांनी तेही थांबवलं. मग गप्पा नळांवरून गुडघ्यांवर, गुडघ्यांवरून गेलेल्या जोडीदारांवर आल्या. तासाभराने नर्स ओरडली, “अहो, थेंबभरसुद्धा औषध गेलेलं नाही!” “तरी गुण आला बघा,” आजोबा म्हणाले. निघताना त्यांनी अभिप्रायाच्या वहीत लिहिलं: ‘पुढील वेळी रिकामी बाटली लावली तरी हरकत नाही, मात्र शेजारच्या खुर्चीत याच बाईंची कायमस्वरूपी नेमणूक व्हावी, ही नम्र विनंती.’