गोटीरामांचा बोया

“समुद्र घरात आला तरी या घरातला एक कागद भिजनार नाय,” गोटीराम कोळी यांनी जाहीर केलं, तेव्हा कागद समुद्रात होते.

म्हणजे खाडीत. सारसोळ्याची खाडी म्हणजे काही समुद्र नव्हे, पण भरतीला दोघांचं पाणी एकच.

कागद तिथे आहेत, हे अजून कोणालाच ठाऊक नव्हतं. गोटीराम खुर्चीवर चढून माळ्यावर हात फिरवत होते आणि त्यांची मुलगी प्रिया खाली तयार होऊन उभी होती. तिला बेलापूरला आज बारापर्यंत मूळ दाखले दाखवायचे होते. दाखवले, तर सरकारी दवाखान्यातली नर्सची नोकरी तिची. नाही दाखवले, तर यादीतल्या पुढच्या मुलीची.

“बाबा, काढा ना लवकर. टेन्शन येतंय मला.”

“टेन्शन कशाला? बोयात हायेत.”

गेल्या वर्षी गल्लीतलं पाणी कपाटात शिरलं आणि रेशनकार्डाची आंबील झाली. तेव्हा गोटीरामांची बायको पुतळा म्हणाली होती, “पिशवीत घाला नि वर खिळ्याला टांगा.” गोटीराम हसले होते. “पिशवी? पिशवीनं कधी दर्या थांबलाय?” दर्या थांबतो तो बोयानं, असं त्यांचं मत. जाळं बुडू नये म्हणून त्याला तेलाचे रिकामे कॅन बांधतात, ते बोये. असाच एक निळा कॅन घेऊन त्यांनी दाखल्यांच्या बारीक सुरळ्या केल्या, एकेक करून तोंडातून आत सोडल्या, झाकण एमसीलनं बुजवलं आणि बोया माळ्यावर बाकीच्या बोयांत ठेवून दिला. सुरळ्या परत बाहेर कशा काढायच्या, हा प्रश्न त्यांनी काढायच्या दिवसावर सोडला होता. पावसाळ्यात जाळ्याला कोणी हात लावत नाही. आणि चोर जाळ्याच्या वासानंच परत जातो.

माळा रिकामा होता. वास तेवढा होता.

“पुतळे, जाळं कुठं गेलं?”

“कुंदननं नेलं सकाळीच. काल पुनवेचा नारळ दिला ना दर्याला? आज पोरगा जाळं नाय टाकनार, तर काय गरबा खेळनार?”

गोटीराम खुर्चीवरच थांबले. पावसाळा अजून बराच बाकी होता आणि नारळी पौर्णिमा काल झाली होती. दोन्ही गोष्टी दरवर्षी अशाच येतात. पण त्यांनी त्या एकत्र कधी धरल्या नव्हत्या.

मुलाला फोन लावला. फोन स्वयंपाकघरात वाजला.

तिघं पामबीचचा मोठा रस्ता ओलांडून जेट्टीवर आले. गोटीरामांनी इतक्या हाका मारल्या की कुंदन कोणीतरी गेलं असं समजून होडी घेऊन परत आला. जाळं होडीत होतं, चिंब. बोये सगळे निळे, सगळे सारखे.

“यातला कुठला?” प्रियानं विचारलं.

गोटीरामांनी एक उचलला, ठेवला, दुसरा उचलला.

“खूण नाय केली तुमी?” कुंदन म्हणाला.

“खूण केली असती तर चोराला नसती कळली?”

“आता आपल्याला पन नाय कळत ना, बाबा!”

“एमसील बघ. एकालाच लावलंय.”

कुंदननं डोकं खाजवलं. मग म्हणाला, “सगळ्यांना हाय. मी बघितलं, तुमी एकाला लावून बाकीचे तसेच सोडलेत. म्हटलं, म्हातारपन आलं, काम अर्धं राहतं. मी पुरं केलं.”

“कोनी सांगितलं होतं?”

“कोनीच नाय. म्हनून तर केलं.”

“हलवून बघा,” प्रिया म्हणाली. “आवाज येईल.”

“नाय येनार,” गोटीराम खाली बघत म्हणाले. “आवाज येऊ नये म्हनून जुनी बनियन फाडून आत कोंबलीय.”

पुतळा कमरेवर हात ठेवून उभी होती. गोटीरामांनी तिच्याकडे पाठ केली.

मग कोयता निघाला. पहिला कापला, आत हवा. दुसरा कापला, आत हवा. तिसऱ्यात हवा आणि तेलाचा वास. गोटीराम हवेवर चिडले. प्रिया मोबाइलवर वेळ बघत होती आणि दर वेळी ती पुढेच गेलेली असायची. जेट्टीवर निळ्या फाकांचा ढीग वाढत गेला.

“माझं जाळं तळाला बसवनार तुमी,” कुंदन म्हणाला.

“जाळ्याला नोकरी नाय लागत,” पुतळा म्हणाली. “काप तू.”

आणि मग एका बोयातून बनियनीची बाही बाहेर आली.

गोटीरामांनी बोया हिसकून घेतला. बनियन ओढली, सुरळ्या बाहेर आल्या. दहावीचा, नर्सिंगचा, जातीचा, सगळे दाखले कडकडीत कोरडे, पापडासारखे. प्रियानं एक उलगडला. तो परत गुंडाळला गेला, पण नाव तिचंच होतं. ती हसायला लागली आणि मग डोळे पुसायला लागली.

गोटीरामांनी दाखले डोक्यावर उंच धरले. “बघा! एक टिपूस नाय! खाडीत जाऊन आले, एक टिपूस नाय!”

तेवढ्यात वरून एक टिपूस आला. मग दुसरा. मग त्यांनी मोजायचं सोडलं.

रिक्षा पार पामबीचला मिळणार. दाखले त्यांनी घाईघाईनं शर्टात घातले, पण शर्ट चिंब होता. जाळं चिंब होतं, कुंदन चिंब होता, आणि बोये तर त्यांनीच कापून ठेवले होते. दाखले पोटाशी धरून, वाकून, त्यांनी एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा खाडीकडे आणि शेवटी बायकोकडे.

“पुतळे,” ते अगदी हळू म्हणाले, “एखादी पिशवी हाय का गं?”