लाल टाचणी

“ती लाल टाचणी दुपारच्या आत गेली पाहिजे!” साहेब कडाडले.

आरोग्य खात्याचं सगळं ऑफिस आज नुसतं उड्या मारत होतं. स्वतः मंत्री यायचे होते! भिंतीवर अख्ख्या देशाचा नकाशा, आणि जिथे लेप्टोचा रुग्ण सापडेल तिथे लाल टाचणी, अशी या रोगावर पाळत ठेवायची पद्धत. आकडे संगणकातही होते, पण मंत्र्यांना दाखवायला टाचण्या बऱ्या. आणि नकाशा कसा, अगदी धुतल्या तांदळासारखा! फक्त एका कोपऱ्यात, बंदराच्या गावावर, एक टाचणी होती. मेली नजर नेमकी तिथेच जायची.

साहेबांनी बंदराच्या डॉक्टरला फोन लावला.

“काय हो डॉक्टर, देशभरातला लेप्टो तुमच्याच गावी मुक्कामाला आलाय का?”

“सापडतो, साहेब. त्याला मी काय करू?”

या डॉक्टरबाईचं हे नेहमीचंच. तापाचा माणूस आला की ही रक्त काढणार. गोदामात उंदीर दिसला की पिंजरा लावणार. गुरांच्या डॉक्टरला चहाला बोलावणार आणि चहा पिता पिता कुत्र्यांच्या नि गाईंच्या लघवीच्या गप्पा मारणार. जनावरांच्या लघवीतून जंतू पाण्यात उतरतो आणि तिथून माणसाच्या खरचटलेल्या पायात शिरतो, हे काय बाकीच्यांना माहीत नव्हतं? पण एवढा उपद्व्याप सांगितलाय कुणी!

“पुलापलीकडचं शहर बघा,” साहेब म्हणाले. “तुमच्या चौपट माणसं, आणि एक रुग्ण नाही. तुमची तपासणी आजपासून बंद. किट खोक्यात भरा आणि परत पाठवा.”

“साहेब, इथलं गटारांचं पाणी अजून ओसरलेलं नाही...”

“भरा म्हटलं ना!”

नकाशा सांभाळणाऱ्या बाई स्टुलावर चढल्या. त्यांचा हात टाचणीपाशी पोचतो न पोचतो तोच साहेबांचा मोबाइल वाजला. ताईचा फोन होता. साहेबांची ही मोठी बहीण पुलापलीकडच्या त्याच गुणी शहरात राहायची.

“अरे, टिल्लूचा ताप उतरतच नाही रे!”

टिल्लू म्हणजे साहेबांचा सहा फुटी भाचा. मामाचा नुसता जीव त्याच्यावर. मागच्या आठवड्यात त्याने होड्यांची शर्यत जिंकली आणि आनंदाच्या भरात सरळ कालव्यात उडी ठोकली. तो फोटो साहेबांनी शिपायापासून सगळ्यांना दाखवला होता.

“डॉक्टर काय म्हणतात?”

“साधा ताप म्हणे. दोनदा गोळ्या बदलल्या. पण पोटऱ्यांना हात लावू देत नाही, इतक्या दुखताहेत. आणि डोळे तर लालभडक!”

साहेबांनी बोटांवर मोजलं. ताप, पोटऱ्या, लाल डोळे, कालवा. त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी रोगाचं नाव सांगितलं असतं.

“लेप्टोसाठी रक्त तपासलं का?”

“मी विचारलं रे. म्हणाले, या शहरात तो रोगच नाही, तपासायचं कशाला?”

“ताई, गाडी काढ. पूल ओलांड आणि त्याला बंदरात ने.”

“बंदरात? अरे, सगळी रोगराई तिथेच ना! तूच म्हणालास, तिकडे पाऊलसुद्धा टाकू नका!”

“वाद घालू नकोस गं, ने त्याला!” साहेब ओरडले.

खोलीतले सगळे वळून त्यांच्याकडे बघायला लागले. बाई स्टुलावर तशाच उभ्या होत्या. आपण काय बोललो, ते साहेबांना आत्ता कुठे ऐकू आलं. त्यांनी घाईघाईने पुन्हा बंदराला फोन लावला.

“किट पाठवली का?”

“खोक्याला चिकटपट्टी लावतेय, साहेब.”

“फाडा! फाडा ती पट्टी! माझा भाचा येतोय तुमच्याकडे!”

तिने चार शब्द सुनावले असते तर साहेबांनी आज मुकाट ऐकून घेतले असते. पण तिने एवढंच विचारलं, “लघवी होतेय ना त्याला?”

“ते... विचारलं नाही मी.”

“असू दे, मी बघते. ताईंना सांगा, नोंदणीच्या रांगेत थांबायचं नाही. थेट आत यायचं.”

मग सुरू झालं वाट बघणं. बाहेर खुर्च्या मांडल्या जात होत्या, फुलं येत होती, कुणीतरी माइकवर हॅलो हॅलो करत होतं. साहेब फोन हातात धरून नकाशासमोर येरझाऱ्या घालत होते. एकदाचा फोन वाजला.

“किट पॉझिटिव्ह. पण निकालाची वाट न बघता इंजेक्शन आधीच दिलं. मूत्रपिंडं काम करताहेत, साहेब. वेळेत आला.”

“वाचेल ना हो?”

“वाचेल! मला विचारतोय, होडीत परत कधी बसू?”

साहेब सगळ्यांदेखत ढसाढसा रडले आणि रडता रडताच हसले. मग नाक पुसून बाईंना म्हणाले, “ते स्टूल आणा. टाचण्यांचा तो डबा द्या इकडे.”

मंत्री टाळ्यांच्या गजरात आत आले, तेव्हा साहेब स्वतः स्टुलावर उभे होते. बंदराची टाचणी होती तिथेच होती. साहेब पुलापलीकडच्या शहरावर दुसरी खुपसत होते.

“अहो, हे काय?” मंत्र्यांनी विचारलं. “कमी व्हायच्या होत्या ना? वाढल्या कशा?”

साहेबांनी वरूनच उत्तर दिलं, “आजपासून शोधायला लागलो.”