ओवीच्या ओठातला टाका

“आजोबा, बोंडलं ओठाला घासतंय,” ओवीच्या ओठातला टाका म्हणाला.

आजोबांनी दुधाचं बोंडलं निमूटपणे बाजूला सरकवलं. दुभंगलेला ओठ शिवून बाळ घरी आल्यापासून घरात टाक्याचंच राज्य होतं. आत्याला त्याने पापा घेऊ दिला नव्हता. बाळाच्या आईने, केतकीने, त्याच्याही पुढे जाऊन ओवीला हसवायलाच बंदी केली होती.

दूध पाजताना आजोबांनी सवयीने स्वतःचाही आ केला. कवळी निसटून मांडीवर पडली. ओवी खुदकन हसली.

“अहो बाबा, टाका तुटेल ना!” केतकी पांढरीफटक पडली.

“हसू द्या, ताई. मी घट्ट धरलंय,” टाका म्हणाला. “आजोबा, पुन्हा एकदा पाडा बघू.”